निविदा कशी लिहावी

निविदा म्हटली की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरचा बारीक अक्षरांचा एक चौकोन डोळ्यांपुढे येतो, आणि तो वाचावयाचा नसतो हे आपण सर्वांनी केव्हाच ठरवून टाकलेले असते. वसंत ऋतूत, संध्याकाळच्या वाऱ्यावर, संतकाव्य किंवा प्रवासवर्णन ऐकावयास आलेल्या मंडळींपुढे हा विषय मांडणे म्हणजे थोडे धाडसच आहे. परंतु आम्ही तीसएक वर्षे कामगारांत काढली. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांच्या फाटकांवर जे शिकलो, तेवढेच आमचे शिक्षण. शाळेने आम्हांस सातवीनंतर निरोप दिला होता. या तीस वर्षांत एक गोष्ट आमच्या ध्यानात पक्की बसली आहे. ठेक्याने काम करणाऱ्या माणसाचा पगार, त्याची सुटी, प्रसंगी त्याचा जीवही, तो कामावर येण्याच्या पुष्कळ आधी एका कागदावर ठरलेला असतो. तो कागद म्हणजे निविदा. आणि तो लिहिणारे हात नेहमीच मोठ्या साहेबाचे नसतात. ते आपल्या गृहनिर्माण सोसायटीच्या सेक्रेटरीचे, शाळेच्या व्यवस्थापक मंडळाचे, एखाद्या वाचनालयाच्या चिटणिसाचे, म्हणजे तुमचे-आमचेच असतात.

आधी एक अनुभव सांगतो. २०१४ सालच्या उन्हाळ्यातील गोष्ट. नवी मुंबईतील एका सोसायटीत, तिचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही, सांडपाण्याची टाकी तुंबली. सेक्रेटरींनी तीन ठिकाणी फोन करून दर विचारले, त्यांपैकी सर्वांत कमी दराच्या माणसास चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठीवर मजकूर एवढाच : 'सांडपाण्याची टाकी साफ करणे, १ काम.' दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तरुण बादली आणि दोर घेऊन आले. पहिला आत उतरला आणि दोन मिनिटांत खाली कोसळला. दुसरा त्याला काढण्यासाठी उडी घेणार, इतक्यात पहारेकऱ्याने त्याचा सदरा मागून घट्ट धरला आणि सुटू दिला नाही. अग्निशामक दलाची गाडी वेळेवर आली म्हणून पहिला वाचला; तरी कित्येक दिवस तो रुग्णालयात पडून होता. त्याचे वडील आमच्या संघटनेचे जुने सभासद, म्हणून आम्हांस बोलावणे आले.

सेक्रेटरी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ. त्यांचे हात थरथरत होते. "भाऊ, आम्ही तिघांचे दर घेतले, कमीत कमी दराला काम दिले, सभेत सांगितले. यात आमचे काय चुकले?" असे ते पुन्हा पुन्हा विचारीत होते. आम्ही ती चिठ्ठी हातात घेऊन वाचली. टाकी केवढी, गाळ किती, काम माणसाने करावयाचे की यंत्राने, गाळ कोठे न्यावयाचा, यांतले एक अक्षरही तीत नव्हते. जे लिहिले नव्हते ते सर्व त्या पोराच्या अंगावर पडले होते. कमी दर आला कोठून, याचे उत्तर त्या बादलीत आणि दोरात होते.

आता विषयाकडे वळू. निविदा आणि निवेदन हे दोन्ही शब्द 'विद्' या एकाच धातूपासून आले. त्याचा अर्थ जाणणे. आपल्याला काय हवे आहे ते दुसऱ्यास नीट जाणवून देणे, एवढाच निविदेचा मूळ हेतू. आपण मात्र तिच्याकडे दर पाडून घेण्याची युक्ती म्हणून पाहू लागलो, आणि तेथेच घोटाळा झाला.

बाहेरून माल किंवा काम घ्यावयाचे तर त्याच्या तीन रीती आहेत, त्यांची सरमिसळ करू नये. वस्तू ठरलेली, बाजारात मिळणारी असेल, जसे पन्नास खुर्च्या किंवा दहा ट्यूबलाइट, तर दरपत्रके मागवावीत. तेथे दराचीच तुलना पुरते. काम आपल्याला पूर्ण वर्णन करता येत असेल, जसे इमारतीचा रंग किंवा रोजची झाडलोट, तर निविदा काढावी. परंतु कधी कधी आपल्याला हेतू ठाऊक असतो आणि मार्ग ठाऊक नसतो. गच्ची गळते एवढे कळते, का गळते हे कळत नाही. अशा वेळी हेतू आणि अडचण सांगून जाणकारांकडून उपाय आणि किंमत दोन्ही मागवितात. त्याला प्रस्ताव मागविणे म्हणतात. गळणाऱ्या गच्चीसाठी सोसायट्या सरसकट 'वॉटरप्रूफिंगचा दर कळवा' असे लिहितात. मग एक जण डांबराचा थर धरतो, दुसरा विटांच्या कोब्याचा, तिसरा नुसत्या रंगाचा. आणि सभासद मात्र तीन निराळ्या वस्तूंचे तीन आकडे शेजारी ठेवून लहान-मोठा पाहात बसतात.

प्रस्ताव मागविण्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच शहरात घडले. नवी मुंबईच्या विमानतळासाठी सिडकोने आधी फक्त पात्रतेचे अर्ज मागविले. हे काम पेलण्याची ऐपत व अनुभव कोणाजवळ आहे एवढेच त्यात पाहिले. पात्र ठरलेल्यांनाच पुढे प्रस्ताव देता येणार होते. उत्पन्नातला जास्तीत जास्त वाटा सिडकोला कोण देतो, ही एकच कसोटी आधी जाहीर होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये पाकिटे उघडली तेव्हा एकाने १२.६० टक्के, दुसऱ्याने १०.४४ टक्के देऊ केले होते, आणि निकाल तेथेच लागला. त्या व्यवहाराच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथे करावयाची नाही. ऐपत आधी आणि पैसा नंतर, हा जो क्रम तेथे पाळला गेला, तो सोसायटीच्या पाण्याच्या टाकीलाही लागू पडतो, एवढेच सांगावयाचे आहे. दोन पाकिटांची पद्धत म्हणतात ती हीच. पहिल्या पाकिटात माणूस, अनुभव, परवाने; दुसऱ्यात दर. पहिले पसंत पडले तरच दुसरे उघडावयाचे. दोन्ही एकदम उघडली की डोळा आधी आकड्यावर जातो आणि मग अनुभवातले दोष दिसेनासे होतात, हा मनुष्यस्वभाव आहे.

बरे, निविदेत लिहावे तरी काय? पहिली गोष्ट कामाचे माप. वरच्याच टाकीचे उदाहरण घेऊ. टाकी ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, अडीच मीटर खोल आहे असे लिहिले की ३० घनमीटर, म्हणजे ३० हजार लिटर हे माप कोणालाही काढता येते. पाच हजार लिटरच्या टँकरने ती रिकामी करावयाची तर सहा खेपा होतात. मग कोणी दोन खेपांचा दर देऊन स्वस्ताई दाखवू लागला, तर ती लबाडी सभासदांतल्या शाळकरी मुलालाही कळेल. झाकणापासून गाडी किती अंतरावर उभी राहू शकते, गाळ कोठे नेऊन टाकावयाचा व त्याची पावती कोणती आणावयाची, हेही लिहावे. आणि शेवटी एक ओळ ठळक अक्षरांत असावी : 'हे काम यंत्राने करावयाचे असून कोणत्याही कारणासाठी कोणीही माणूस टाकीत उतरणार नाही.'

ही ओळ दयाबुद्धीची नव्हे, कायद्याची आहे. सांडपाण्याच्या कुजण्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार होतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. पुष्कळ असला तर नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, आणि माणूस 'आता वास येत नाही' म्हणून निर्धास्तपणे खाली उतरतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून गटारात वा मैल्याच्या टाकीत माणूस उतरविण्यास बंदी केली आहे. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी गटारात मरण पावलेल्यांच्या वारसांस १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला व २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम ३० लाख केली. आमच्या त्या सेक्रेटरींची चिठ्ठी पहिल्या आदेशानंतर थोड्याच आठवड्यांनी लिहिलेली होती. तो आदेश त्यांनी वाचलाही नव्हता. वर्तमानपत्र मात्र ते रोज वाचीत.

दुसरी गोष्ट माणसांचा हिशेब. 'फाटकावर एक पहारेकरी, २४ तास' असे वाक्य आपण किती सहजपणे लिहितो! त्याचा अर्थ मांडून पाहा. दिवसाच्या आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे आठवड्याच्या एकवीस. एक माणूस आठवड्यात सहा पाळ्या करील, कारण सातवा दिवस त्याच्या सुटीचा. एकवीसला सहाने भागले की साडेतीन येतात. म्हणजे त्या 'एका' पहारेकऱ्यासाठी साडेतीन माणसे लागतात. आजारपण आणि रजा निराळी. आता एखादा ठेकेदार दोनच माणसांचा दर देतो आणि अर्थातच स्वस्त पडतो. तो काय विकत आहे? बारा तासांची पाळी, आठवड्याचे सातही दिवस. मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी १० जून १८९० पासून मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून मिळविली. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मिळालेली ती सुटी आपल्याच फाटकावर आपण एका ओळीने परत घेतो, आणि आपणांस त्याचा पत्ताही नसतो. पहाटे चारला तो पहारेकरी खुर्चीत पेंगताना सापडला की सभेत त्याचीच तक्रार होते. म्हणून निविदेत पाळ्या किती, प्रत्येक पाळी किती तासांची, साप्ताहिक सुटीचा बदली माणूस कोण, हे स्पष्ट लिहावे.

तिसरी गोष्ट वेतनाची पायरी. हा भाग आकड्यांचा आहे, पण आकडे सोपे आहेत. समजा, सरकारने ठरविलेले किमान वेतन हिशेबापुरते १०० रुपये धरले. भविष्यनिर्वाह निधी लागू असलेल्या मालकाला त्यावर १२ रुपये स्वतःचा वाटा आणि विमा व व्यवस्थापनखर्चाचा १ रुपया भरावा लागतो, एकूण १३. कर्मचारी राज्य विम्याचे ३ रुपये २५ पैसे. बोनस कमीत कमी ८ रुपये ३३ पैसे. बेरीज झाली १२४ रुपये ५८ पैसे. यात भरपगारी रजा नाही, गणवेश नाही, पावसाळ्यातले बूट आणि रेनकोट नाहीत, ठेकेदाराचा नफा तर नाहीच. आता कोणी ११० रुपयांचा दर दिला, तर उरलेले १४ रुपये ५८ पैसे आले कोठून? ठेकेदार ते घरून आणीत नाही. ते मजुराच्या निधीतून येतात, बोनसातून येतात, किंवा पगारपत्रकावर सव्वीस दिवस दाखवून वीस दिवसांचे पैसे हातावर ठेवण्यातून येतात. पगार बँकेत जमा होतो म्हणून आपण निश्चिंत असतो. पण पगाराच्या दिवशी साऱ्या झाडूवाल्यांची एटीएम कार्डे मुकादमाच्या खिशात असलेली आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिली आहेत.

यावर उपाय असा की वेतन व कायदेशीर वर्गण्या यांवर बोली लावूच देऊ नये. 'किमान वेतन, निधी, विमा, बोनस व रजा यांची रक्कम इतकी असून ती सर्वांना समान राहील. निविदाकाराने फक्त आपली साधने, देखरेख व नफा यांचा दर लिहावा' असे लिहावे. मग चढाओढ होईल ती व्यवस्थेच्या हुशारीवर, मजुराच्या पोटावर नव्हे. याला एक पळवाट आहे, तीही सांगून ठेवतो. काही बहाद्दर आपला नफा शून्य किंवा एक पैसा लिहितात. जो मनुष्य फुकट काम करावयास तयार होतो, त्याने आपली कमाई दुसरीकडे धरलेली असते. बहुधा कामाला लावण्यासाठी मजुराकडून घेतलेल्या पैशात. म्हणून या दराची खालची मर्यादाही आधीच लिहून ठेवावी. शिवाय महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता सहा-सहा महिन्यांनी बदलत आला आहे. ठेका दोन वर्षांचा आणि दर पहिल्या दिवसाचा, असे असले तर पुढची प्रत्येक वाढ मजुराला मिळणारच नाही. भत्ता वाढेल तसा तेवढाच फरक आम्ही देऊ, ही ओळ विसरू नये.

कोणी विचारील, ठेकेदाराने पगार बुडविला तर त्याचा आम्हांस काय उपद्रव? १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानेच सांगून ठेविले होते की ठेकेदाराने वेतन दिले नाही तर ज्याचे काम आहे त्या मूळ मालकाने ते द्यावे व मग ठेकेदाराकडून वसूल करावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि त्या कायद्याची जागा त्यांनी घेतली. तत्त्व मात्र तेच राहिले. त्यातील कंत्राटी कामगारांविषयीच्या काही तरतुदी पन्नासांहून कमी कामगार असतील तेथे लागत नाहीत, हे खरे. पण म्हणूनच लहान संस्थांनी ती जबाबदारी निविदेतच लिहून घ्यावी. दर महिन्याच्या बिलासोबत हजेरीपट, पगार जमा झाल्याचा बँकेचा कागद आणि निधी भरल्याचे चलन, ही तीन कागदपत्रे जोडल्याशिवाय बिल मंजूर होणार नाही, एवढी एक अट पुष्कळ काम करते.

चौथी गोष्ट शब्दांची. कागदावर माणसाला काय म्हणावयाचे यावर त्याचे पुढचे सारे आयुष्य अवलंबून असते. खाडीपलीकडे मुंबई महानगरपालिकेत कचरा उचलणाऱ्या ठेक्याच्या कामगारांना कागदोपत्री 'स्वयंसेवक' आणि त्यांच्या पगाराला 'मानधन' म्हटले जात होते. रोज पहाटे गाडीवर चढून शहराची घाण उपसणारा माणूस स्वयंसेवक! कचरा वाहतूक श्रमिक संघाने त्याविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ साली २,७०० कामगारांच्या बाजूने निकाल दिला व ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. एक शब्द खोडावयास इतकी वर्षे लागली. मजुराला मजूर, पगाराला पगार आणि ठेक्याला ठेका म्हणावे. निविदेत गोंडस शब्द दिसला की त्याच्याखाली काय झाकले आहे ते पाहावे.

पाचवी गोष्ट निवड कशी करणार हे आधी सांगण्याची. कमीत कमी दर हीच कसोटी ठेवावयाची असेल तर तसे लिहावे. दर्जाही पाहावयाचा असेल तर कोणत्या गोष्टीला किती गुण, हे पाकिटे येण्यापूर्वी जाहीर करावे. केंद्रीय अर्थमंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी सरकारी कामांतही काही ठिकाणी दर्जाला गुण देण्यास मुभा दिली, मात्र त्याचे वजन ३० टक्क्यांहून अधिक नसावे असे बंधन घातले. तेवढ्यानेही काय फरक पडतो ते पाहा. पहिल्याचा दर २ लाख, दर्जाचे गुण शंभरांत ६०. दुसऱ्याचा दर २ लाख २० हजार, दर्जाचे गुण ८५. दर्जाला ३० व दराला ७० असे वजन दिले तर पहिल्याला दर्जाचे १८ आणि सर्वांत कमी दराबद्दल पुरते ७०, मिळून ८८. दुसऱ्याला दर्जाचे साडेपंचवीस, आणि दराचे २०० भागिले २२० या प्रमाणात ६३.६४, मिळून ८९.१४. थोडक्याने का होईना, चांगले काम करणारा वर आला. नुसता दर पाहिला असता तर तो पाकीट उघडताक्षणी बाद झाला असता.

आणि एकदा लिहिले की ते पाळावयाचे. याविषयीचा मोठा निवाडा मुंबईच्याच विमानतळावरून निघाला आहे. जानेवारी १९७७ मध्ये तेथील उपाहारगृह चालविण्यासाठी निविदा मागविल्या गेल्या; निविदाकार नोंदणीकृत दुसऱ्या श्रेणीचा हॉटेलचालक असून त्यास पाच वर्षांचा अनुभव असावा, असे सूचनेत होते. काम मात्र ज्याला मिळाले त्याच्याजवळ ती पात्रता नव्हती. रमण दयाराम शेट्टी यांच्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ मे १९७९ रोजी सांगितले की सार्वजनिक संस्थेने स्वतः घातलेली अट तिला स्वतःला बांधील असते. ती मनास येईल तेव्हा सोडता येत नाही. कारण ती अट वाचून अनेक जण आपण पात्र नाही म्हणून घरीच बसलेले असतात. न्यायालयाने चूक झाली असे म्हटले, तरी ठेका रद्द केला नाही, कारण तक्रार उशिरा आली होती आणि तोवर बराच खर्च होऊन गेला होता. म्हणजे यातून दोन धडे मिळतात. आपल्याला पाळावयाची नसेल अशी अट लिहू नये, आणि कोठे अन्याय दिसला तर वेळेवर बोलावे.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. निविदा भरावयास पुरेसे दिवस द्यावेत. शुक्रवारी सूचना लावून सोमवारी पाकिटे मागणे म्हणजे माणूस आधीच ठरलेला आहे. इच्छुकांना जागा पाहू द्यावी, त्यांचे प्रश्न लेखी घ्यावेत आणि एकाला दिलेले उत्तर सर्वांना द्यावे. परवाने तपासावेत, खासगी पहारेकरी पुरविणाऱ्याजवळ २००५ च्या कायद्याखालचा परवाना हवा, आणि महाराष्ट्रात १९८१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सुरक्षा रक्षक मंडळाकडूनही रक्षक मिळू शकतात, हे पुष्कळ सोसायट्यांना ठाऊक नसते. तीन दरपत्रके आली म्हणजे चढाओढ झाली असे समजू नये. आम्ही एकदा तीन निरनिराळ्या नावांची दरपत्रके पाहिली. तिन्हींत 'स्वच्छता' हा शब्द एकाच तऱ्हेने चुकला होता. तिन्ही एकाच दुकानात, एकाच बोटांनी टंकलेली होती.

आणि ठेकेदारालाही न्याय द्यावा. तो आमचा शत्रू नव्हे. लहान ठेकेदार पुष्कळदा कालचा मजूरच असतो. महात्मा जोतीराव फुले स्वतः कंत्राटे घेत असत, आणि म्हणूनच बांधकाम खात्यातल्या लाचलुचपतीवर त्यांनी इतक्या नेमकेपणाने लिहिले. बिल तीन-तीन महिने अडकवून ठेवावयाचे आणि मजुरांचा पगार सात तारखेला व्हावा अशी अपेक्षा करावयाची, हे शोभत नाही. बिल किती दिवसांत देणार हे आपणही लिहून द्यावे. कामात कसूर झाल्यास दंड किती हेही लिहावे, आणि तो मजुराच्या पगारातून कापता येणार नाही हे त्याच ओळीत लिहावे.

या विचारात नवे असे काही नाही. इंग्लंडच्या पार्लमेंटने १८९१ सालीच ठराव केला होता की सरकारी ठेके घेणाऱ्यांनी त्या धंद्यात रूढ असलेले रास्त वेतन दिले पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९४९ साली याच तत्त्वाचा ९४ क्रमांकाचा करार केला. भारताने त्यास मान्यता दिलेली नाही. ती मिळावी म्हणून कामगार संघटना आपले काम करतील. पण सोसायटीच्या निविदेत अशी एक ओळ घालावयास दिल्लीच्या मान्यतेची गरज नाही. सर्वसाधारण सभेचा एक ठराव पुरतो.

खर्च वाढेल, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे, आणि तो खोटा नाही. त्याच सोसायटीत पुढच्या वर्षी आम्ही आणि सेक्रेटरींनी मिळून चार पानांची निविदा लिहिली. माप लिहिले, यंत्राची अट लिहिली, गाळाची पावती लिहिली. आलेला सर्वांत कमी दर जुन्या दरापेक्षा वर्षाला १४,४०० रुपयांनी जास्त होता. सभेत गदारोळ झाला. एका गृहस्थांनी विचारले, "हा भुर्दंड आम्ही का सोसावा?" सेक्रेटरी उठले. एरवी ते सभेत फारसे बोलत नसत. ते म्हणाले, "आपली ४८ घरे आहेत. घरामागे महिन्याला पंचवीस रुपये पडतात. मी त्या दिवशी टाकीच्या झाकणाजवळ उभा होतो. हे पंचवीस रुपये कोणाला जड वाटत असतील तर त्यांचे मी भरीन." ठराव मंजूर झाला, आणि सेक्रेटरींना कोणाचेही पैसे भरावे लागले नाहीत. पहिल्याच खेपेस असे आढळून आले की जुना ठेकेदार वरचे पाणी तेवढे काढून नेत असे. खालचा गाळ कैक वर्षांचा साचलेला होता. टाकी वरचेवर तुंबण्याचे कारणही तेच होते.

निविदा लिहिण्यास वकील लागत नाही आणि इंग्रजीही लागत नाही. मराठीत चार पाने नीट लिहिता आली की पुरे. लिहून झाल्यावर ती एकदा प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाला, झाडूवाल्याला किंवा पहारेकऱ्याला, वाचून दाखवावी आणि यात काय राहिले असे त्याला विचारावे. त्याला पहिल्या ओळीतच दोन चुका सापडतात, असा आमचा अनुभव आहे. आज घरी गेल्यावर आपल्या सोसायटीच्या कपाटातून शेवटची कामाची चिठ्ठी काढावी आणि तीत माणसे किती, तास किती, सुटी कोणाची, पगार किती, यांपैकी काय लिहिले आहे ते पाहावे. जे लिहिलेले नसेल ते पुढच्या सभेपूर्वी लिहून काढावे. एका संध्याकाळचे काम आहे.